अरबी भाषेतलं ख्रिस्ती प्रसारण : रेडिओपासून सोशल मीडियापर्यंत

अरबी बोलणाऱ्या लोकांपर्यंत बायबल आणि येशूची सुवार्ता आधी रेडिओवरून, मग सॅटेलाइट टीव्हीवरून आणि आता फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲपवरून पोचवायचं काम १९५० च्या दशकापासून चालू आहे. ऐकणारे दोन प्रकारचे. एक म्हणजे इजिप्तमधले कॉप्टिक, लेबनॉनमधले मारोनाइट, सिरिया-इराकमधले जुन्या मंडळ्यांचे लोक, जे पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्तीच आहेत, आणि दुसरे मुस्लिम घरातले लोक, ज्यांच्या हातात कधी बायबल पडलेलंच नसतं. अरबीत या कामाला दोन शब्द आहेत आणि कोण बोलतंय ते त्यावरूनच कळतं. काम करणारे म्हणतात 'तब्शीर', म्हणजे शुभवार्ता सांगणं, आणि विरोध करणारे म्हणतात 'तन्सीर', म्हणजे माणसाला नसरानी, ख्रिस्ती, करून टाकणं. हे दोन्ही शब्द लक्षात ठेवले तर पुढचा सगळा इतिहास नीट समजतो.

रेडिओच्या आधी छापखाना होता, आणि इथे आपला एक धागा जुळतो. ज्या अमेरिकन बोर्डाने, म्हणजे अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट मिशन संस्थेने, १८१३ मध्ये मुंबईत मराठी मिशन सुरू केलं, ज्यातून पुढे १८४२ मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' निघालं, त्याच बोर्डाची माणसं १८२० च्या दशकात बैरुतला पोचली. १८३४ मध्ये त्यांचा अरबी छापखाना माल्टाहून बैरुतला आला. एली स्मिथ, बुत्रुस अल-बुस्तानी आणि कॉर्नेलियस व्हॅन डाइक यांच्या कामातून १८६५ मध्ये जे अरबी बायबल पूर्ण झालं तेच आजही बऱ्याच अरब मंडळ्यांमध्ये वाचलं जातं, म्हणजे रेडिओवर कोणी वचन वाचलं तर ते बहुतेक वेळा या भाषांतरातलं असतं.

रेडिओची गोष्ट टँजियरमधून सुरू होते. मोरोक्कोचं हे बंदर तेव्हा आंतरराष्ट्रीय ताब्यात होतं, कुणा एका देशाचे कायदे तिथे चालत नव्हते, म्हणून पॉल फ्रीड या अमेरिकन माणसाने १९५४ मध्ये 'व्हॉइस ऑफ टँजियर' तिथून चालू केलं. खरं तर त्याच्या डोळ्यासमोर स्पेनमधले प्रोटेस्टंट लोक होते, अरबी श्रोता नंतर आला. १९५६ मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाला, १९५९ संपता संपता खासगी रेडिओ बंद करावे लागले, आणि १९६० मध्ये ही मंडळी मॉन्टे कार्लोला गेली, ट्रान्स वर्ल्ड रेडिओ या नावाने. तिथली ट्रान्समीटरची इमारत दुसऱ्या महायुद्धात नाझींनी स्वतःच्या प्रचारासाठी बांधलेली होती. मला या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते.

त्याच काळात लायबेरियात मन्रोव्हियाला ईएलडब्ल्यूए हे मिशनचं स्टेशन १९५४ पासून चालू होतं. १९५८ पासून बस्साम मदनी नावाचे सिरियात जन्मलेले पाळक 'साअतुल इस्लाह' (सुधारणेचा तास) हा अरबी प्रोग्रॅम करायला लागले आणि तो त्यांनी जवळपास साडेतीन दशकं चालवला. अरब माणूस अरबांशी बोलतोय, हा फरक फार मोठा होता, कारण परदेशी माणसाची अरबी दोन वाक्यांत पकडली जाते. १९६३ मध्ये आदिस अबाबाहून लुथरन वर्ल्ड फेडरेशनचं 'रेडिओ व्हॉइस ऑफ द गॉस्पेल' सुरू झालं, त्यांचं धोरण असं होतं की सुमारे ७० टक्के वेळ बातम्या, शिक्षण, आरोग्य यांना आणि उरलेला वेळ उपासनेला. चौदा वर्षांत स्टेशनला चांगला मान मिळाला आणि मार्च १९७७ मध्ये तिथल्या लष्करी सरकारने ते ताब्यात घेतलं. फेबा या ख्रिस्ती रेडिओ संस्थेने १९७० पासून सेशेल्स बेटांवरून प्रसारण केलं, त्यांचे अँटेनाचे खांब चक्क समुद्रात प्रवाळाच्या कड्यावर उभे केले होते, आणि तिथून अरबीसोबत भारतासाठीही प्रोग्रॅम यायचे, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्यांना फेबा सेशेल्स हे नाव माहीत असतं. ते शॉर्टवेव्ह २००३ मध्ये बंद झालं.

या सगळ्यात सायप्रस महत्त्वाचं. लेबनॉनमध्ये १९७५ ला यादवी युद्ध पेटलं, बैरुतमधले स्टुडिओ आणि ऑफिसं चालवणं अवघड झालं आणि बरीच कामं शेजारच्या या बेटावर हलली. केप ग्रेको इथे रेडिओ मॉन्टे कार्लोच्या मध्यपूर्व सेवेचा १२३३ किलोहर्ट्झचा मीडियम वेव्ह ट्रान्समीटर होता, ६०० किलोवॅटचा, दिवसा त्यावर बातम्या-गाणी आणि रात्री उशिरा काही वेळ ट्रान्स वर्ल्ड रेडिओची अरबी सेवा. रात्री मीडियम वेव्ह आकाशातल्या आयनांच्या थरावरून परावर्तित होऊन लांब जातं, शिवाय खाऱ्या पाण्यावरून सिग्नल फारसा दबत नाही, त्यामुळे समुद्रापलीकडे लेबनॉन, सिरिया, इजिप्तमध्ये साध्या ट्रान्झिस्टरवर ते ऐकू यायचं. घरातले सगळे झोपल्यावर उशीजवळ रेडिओ ठेवून बारीक आवाजात ऐकायचं, हे या श्रोत्यांचं ठरलेलं चित्र. कैरोहून 'सौत अल-अरब' (अरबांचा आवाज) हे इजिप्त सरकारचं रेडिओ १९५३ पासून वाजत होतं त्यामुळे अरब घरांत परदेशातलं किंवा दुसऱ्या शहरातलं स्टेशन लावणं ही सवयीची गोष्ट झालेली होती, नुसतं बाहेरचं स्टेशन लावलं म्हणून कोणी संशयाने बघायचं नाही.

पण प्रसारण हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे पत्रं. प्रोग्रॅमच्या शेवटी पत्ता सांगायचे, बऱ्याचदा फ्रान्समधल्या मार्सेयचा किंवा सायप्रसचा पोस्ट बॉक्स, श्रोता पत्र लिहायचा, त्याला पोस्टाने बायबलचा कोर्स जायचा, एकेक धडा, उत्तरं लिहून परत पाठवायची. पत्र उघडलं जाण्याची भीती कायम, म्हणून पाकिटावर संस्थेचं नाव नसायचं. आणि पत्र लिहिणारा माणूस त्या गावात एकटाच असेल तर पुढे काय, कुठली मंडळी त्याला आत घेणार, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही तोच सगळ्यात अवघड आहे. स्थानिक चर्चला भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही, कारण अनोळखी माणूस खरा साधक आहे की पोलिसांचा माणूस हे कोणी सांगायचं.

राजकारणात गुंतलं की हे काम बिघडतं, याचं उदाहरण दक्षिण लेबनॉनमधलं 'व्हॉइस ऑफ होप'. १९७९ मध्ये इस्रायलच्या पाठिंब्यावर असलेल्या मेजर साद हद्दादच्या पट्ट्यात ते अमेरिकन स्टेशन उभं राहिलं आणि ऐकणाऱ्यांना ते एका सैन्याचंच स्टेशन वाटलं, १९८५ मध्ये त्याच्यावर हल्लाही झाला.

सॅटेलाइट डिश आल्या आणि चित्र बदललं. टेरेन्स अॅस्कॉट यांनी १९९५ मध्ये सायप्रसला निकोसियात सॅट-७ ही ख्रिस्ती सॅटेलाइट टीव्ही संस्था स्थापन केली, मे १९९६ मध्ये आठवड्याला फक्त दोन तास अरबी प्रसारण सुरू झालं आणि पुढे कैरो, बैरुतमधून अरब ख्रिस्ती लोकच प्रोग्रॅम करू लागले. मुलांसाठी वेगळं चॅनल २००७ मध्ये. सिरियातल्या युद्धात शाळेला मुकलेल्या मुलांसाठी टीव्हीवरून अरबी, गणित, इंग्रजीचे धडेही त्यांनी चालवले. इजिप्तमधल्या कॉप्टिक चर्चची स्वतःची आगापी आणि सीटीव्ही ही चॅनल आली, लेबनॉनमध्ये तेले ल्युमिएर १९९१ पासूनच होतं. दुसऱ्या बाजूला अल-हयात चॅनलवर २००० च्या दशकात कॉप्टिक पाद्री झकारिया बुत्रुस इस्लामच्या जुन्या ग्रंथांवर कडक टीका करायचे, प्रेक्षक प्रचंड आणि संताप त्याहून मोठा. माझं स्पष्ट मत असं की वादाने टीव्हीसमोर लोक बसतात, पण त्याची किंमत परदेशातल्या स्टुडिओतल्या माणसाला मोजावी लागत नाही, इजिप्तमधल्या मिन्या किंवा अस्यूतला मुस्लिम शेजाऱ्यांत राहणाऱ्या कॉप्टिक कुटुंबाला मोजावी लागते.

याच्या उलट एक क्षण सगळ्यांना आठवतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर आयसिसने २१ ख्रिस्ती मजुरांची हत्या करून व्हिडिओ टाकला, त्यातले २० इजिप्तचे कॉप्टिक होते. त्यातल्या दोघांच्या भावाने सॅट-७ च्या लाइव्ह प्रोग्रॅममध्ये फोन केला आणि व्हिडिओतून त्यांचे शेवटचे येशूचं नाव घेणारे शब्द कापले नाहीत याबद्दल मारणाऱ्यांचेच आभार मानले, त्यांच्यासाठी प्रार्थनाही केली. ती क्लिप फोनवरून फोनवर अरब जगात फिरली. इतक्या वर्षांच्या प्रवचनांनी जे सांगायचा प्रयत्न केला ते त्या एका फोनने सांगितलं असं मला वाटतं.

भाषेचा प्रश्न वेगळाच. लिहिण्या-वाचण्याची अरबी म्हणजे फुस्हा, आणि घरात बोलायची वेगळी. आपल्याकडे प्रमाण मराठी आणि मालवणी किंवा अहिराणी यांत असतं त्याहून कितीतरी जास्त अंतर. इजिप्तची बोली सिनेमांमुळे सगळीकडे कळते पण मोरोक्कोची दारिजा बगदादच्या माणसाला कळत नाही, आणि अल्जीरियाच्या कबाइली भागात तर घरची भाषा अरबी नाहीच. मग नावाचाही प्रश्न. अरब ख्रिस्ती येशूला 'यसूअ' म्हणतात, कुराणात 'ईसा' आहे. 'यसूअ' म्हटलं की मुस्लिम श्रोत्याला परकं वाटतं आणि 'ईसा' म्हटलं की ख्रिस्ती श्रोता विचारतो हे कोणाबद्दल चाललंय. देवाला मात्र दोघंही 'अल्लाह'च म्हणतात, त्यात वाद नाही.

आता बहुतेक काम मोबाइलवर. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ जाहिरात म्हणून सोडायचा, स्वप्नांबद्दल, भीतीबद्दल, क्षमेबद्दल, ज्याला बोलावंसं वाटेल तो मेसेज करतो, मग त्याच बोलीचा माणूस इनबॉक्समध्ये उत्तर देतो. काही आठवडे गप्पा, मग फोन, मग जमलं तर त्या शहरातल्या कोणाशी गाठ. जानेवारी २०२२ पासून फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने धर्मावरून जाहिरात टार्गेट करायचे पर्याय काढून टाकले, म्हणून आता विषय आणि व्हिडिओ असे निवडावे लागतात की ज्याला शोध आहे तो आपणहून थांबेल.

कायदा मात्र तसाच. मोरोक्कोच्या दंड संहितेच्या कलम २२० मध्ये मुस्लिमाची श्रद्धा डळमळीत करण्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. अल्जीरियाच्या २००६ च्या अध्यादेशात दोन ते पाच वर्षं आणि पाच ते दहा लाख दिनार दंड. इजिप्तमध्ये धर्माच्या अवमानाचं कलम आहे. रेडिओ ऐकल्याचा मागे काही पुरावा राहत नव्हता, फोनवर राहतो. एक लाइक चुलतभावाला दिसतो. म्हणून बरेच जण दुसऱ्या नावाचं अकाउंट काढतात, कमेंट न करता थेट इनबॉक्समध्ये येतात, वाचून झालं की चॅट पुसतात. उत्तर देणाऱ्यांनाही शिकवलेलं असतं की आपण होऊन आधी मेसेज करायचा नाही, समोरच्याने सांगितलेल्या वेळीच करायचा, आणि पहिलं वाक्य असं लिहायचं की फोन त्या क्षणी नवऱ्याच्या किंवा मोठ्या भावाच्या हातात असला तरी त्यातून काहीच कळू नये.