आशा वेगळी आणि 'होईल सगळं नीट' वेगळं

ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं. उतरल्यावर आम्ही चर्चची पोरं गावभागात चिखल काढायला गेलो, एका मावशींच्या घरात डोक्याच्या वर पाण्याची रेघ, पिंपातले तांदूळ फुगून आंबलेले, आणि मी खराट्यानं राडा ओढता ओढता बोलून गेलो, 'मावशी, काळजी करू नका, देव सगळं नीट करणार.' त्या म्हणाल्या, 'व्हय रे बाळा, पण कधी?' बोलतीच बंद.

मी ख्रिस्ती आशा म्हणून जे खपवलं ते साधं पॉझिटिव्ह थिंकिंग होतं. दिसायला दोन्ही सेम. पण पॉझिटिव्ह थिंकिंग हा अंदाज असतो, कोयना धरणातनं विसर्ग वाढला की संपला अंदाज. आशा मागं घडून गेलेल्या गोष्टीवर उभी असते, येशू मेला आणि उठला. प्रेषित पौल तर बायबलमधल्या त्याच्या पत्रात, १ करिंथ १५ मध्ये, सरळच म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट, एवढं सगळं त्या एका गोष्टीवर टांगलेलं. पूर येणारच नाही असं वचन बायबलमध्ये कुठंय? मरणाच्या पलीकडंही देव सोडत नाही, एवढं मात्र आहे.

इब्री ६:१९ मध्ये आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. आमच्या युथ मिटिंगला एकानं विचारलेलं, आशेनं नांगरट कशी करायची? हसलो सगळे, पण त्याची काय चूक, इकडं समुद्र नाही, नांगर म्हटलं की उसाचं रानच दिसणार. हा नांगर जहाजाचा. जहाज हलतं, गदगदतं, वाहून तेवढं जात नाही.

आता ही आशा सांगायची कशी? मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण उठवणार हे येशूला माहीत होतं, तरी थडग्यापाशी जाताना तो रडला. आपण रडणं स्किप करून थेट बायबलचं वचन फॉरवर्ड करतो, तेही गुड मॉर्निंगच्या फुलांसकट! १ पेत्र ३:१५ म्हणतं, तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, सौम्यतेनं. म्हणजे आधी त्यानं विचारावं असं काहीतरी दिसायला पाहिजे की नको?

जुलै २०२१ ला पाणी परत आलं. लाज वाटत होती तरी गेलो, गप खराटा घेतला, दुपारपर्यंत एक शब्द नाही. चहाचा कप हातात देताना मावशीच म्हणाल्या, 'का रे, ह्या वेळी देवाचं काय बोलला नाहीस?'