मांजराच्या तोंडाची दुर्गंधी मासळीची नव्हे

सोलापुरात, विशेषतः ज्या घरांत उजनीची मासळी नेहमी येते तिथे, मांजराच्या तोंडाला वास यायचाच आणि ते खाते आहे तोवर दात ठणठणीतच, असे सर्रास सांगितले जाते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. मासळीचा वास काही वेळाने जातो. रोज टिकणारी दुर्गंधी बहुधा हिरड्यांच्या आजाराची असते. दातांवरचा जंतूंचा चिकट थर काही दिवसांतच कडक होऊन त्याचे कीटण बनते, हिरडीच्या कडेला लाल रेघ उमटते आणि पुढे दाताला धरून ठेवणारे हाडही झिजते. शिवाय मांजराच्या ३० दातांपैकी काही हिरडीलगत विरघळत जाण्याचा एक वेगळाच विकार मांजरांत वारंवार आढळतो, आणि तो फार दुखतो. तरीही मांजर खात राहते, कारण दुखणे लपवणे हा त्याचा स्वभावच. फक्त ते एकाच बाजूने चावते, घास तोंडातून पाडते किंवा न चावता गिळते. घरगुती उपाय म्हणून लवंगेचे तेल मात्र मुळीच लावू नये, कारण त्यातील द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. कीटण पशुवैद्यकाकडून, भूल देऊनच काढून घ्यावे लागते.