सैल स्नायूंची ताठरता

दवाखान्याच्या दाराशी बराच वेळ घुटमळून तो आत आला. वय 21, रोज फोंडा-पणजी बसने कॉलेजला जाणारा. "सर, मनात काही नसतं, तरी बसमध्ये लिंगाला ताठरता येते. उतरताना बॅग पुढे धरावी लागते. आजार तर नाही ना?" आठ महिने तो हा प्रश्न घेऊन फिरत होता. मधल्या काळात भिंतीवरची जाहिरात वाचून तो एका 'गुप्तरोगतज्ज्ञा'कडे गेला, त्याने धातूत (वीर्यात) उष्णता आहे म्हणून पुड्या दिल्या. निरोगी मुलाला भीती विकून पैसे काढायचे, याची मला मनस्वी चीड आहे.

लिंगात हाड नसतं. आत स्पंजासारखे दोन नळकांडीवजा भाग असतात आणि त्यांतले अनैच्छिक स्नायू एरवी सदैव आवळलेले असतात. अनुकंपी चेतातंतू नॉरअॅड्रेनलिन हे रसायन सोडून त्यांना आवळून धरतात, म्हणून रक्त जेमतेमच शिरतं. ताठरता येते ती हे स्नायू सैल पडल्यावर! चेतातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो, स्नायूपेशीत सायक्लिक जीएमपी हे निरोप पोचवणारं रसायन तयार होतं, पेशीतलं कॅल्शियम उतरतं आणि स्नायू ढिला होतो. रक्त भरतं, फुगलेला स्पंज बाहेरच्या चिवट आवरणाखालच्या शिरा दाबतो, रक्ताची परतवाट बंद होते. पुढे पीडीई-5 हे विकर सायक्लिक जीएमपी तोडतं आणि सारं ओसरतं. नायट्रिक ऑक्साइड शरीरात निरोप्याचं काम करतो, या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं. पीडीई-5 ला अडवणारी सिल्डेनाफिलची (व्हायाग्रा) गोळीही त्याच वर्षी बाजारात आली.

या साखळीला मनातल्या विचाराची गरज नसते. मज्जारज्जूच्या खालच्या टोकातून निघणारी प्रतिक्षिप्त क्रिया कपड्याच्या घर्षणाने, बसच्या हादऱ्यानेही सुरू होते. झोपेत तर स्वप्नांच्या टप्प्यात नॉरअॅड्रेनलिन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी जवळजवळ गप्प होतात, म्हणून निरोगी पुरुषाला रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते. पहाटेची त्यातली शेवटची.

मात्र ताठरता चार तास उलटूनही उतरली नाही, तर सकाळची वाट पाहू नका. अडकलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपतो, वेदना वाढतात, स्नायू मरू लागतात आणि पुढे कायमची नपुंसकता येऊ शकते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना हा धोका जास्त, ट्रॅझोडोनसारख्या काही मानसिक आजारांवरच्या औषधांनीही तो उद्भवतो. घरात सांगायची लाज वाटली तरी 108 ला फोन करा किंवा थेट बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत जा. तिथे सुईने रक्त काढून स्नायू आवळणारं औषध टोचतात, आणि जितके लवकर पोचाल तितकं ते लागू पडतं. वेदनेसह येणारी, आपोआप उतरणारी पण पुन्हापुन्हा होणारी ताठरता, किंवा बाईकवरून पडून जांघेत मार लागल्यावर न दुखता टिकून राहिलेली ताठरता, हेही यूरॉलॉजिस्टला दाखवायलाच हवं.

त्या मुलाने उरलेल्या पुड्या माझ्या टेबलावर ठेवल्या. बसची वेळ झाली होती, तो निघाला.