मुंबईच्या दमट हवेत पास्त्याचा मसाला

पास्त्यावर भुरभुरायचा मसाला घरी करायचा, तर ओरेगॅनो, बेझिल आणि थाइमच्या पानांतले पाणी घालवावे लागते आणि त्यांचे सुगंधी तेल मात्र राखावे लागते. ताज्या पानाच्या वजनात साधारण ८० ते ९० टक्के पाणी असते. तेल जेमतेम एखादा टक्का, बहुधा त्याहूनही कमी. ओरेगॅनोचे पान भिंगाखाली धरले, तर पृष्ठभागावर चमकणारे बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी होत. कडक उन्हात त्यांतले तेल उडून जाते आणि पानाचा हिरवा रंगही फिका पडतो, म्हणून पापड-कुरडयांप्रमाणे ही पाने गच्चीवर उन्हात घालू नयेत.

मुंबईत सावलीही पुरेशी नाही. पान भोवतालच्या हवेशी समतोल साधेपर्यंतच वाळते, आणि पावसाळ्यात येथील सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावू शकणाऱ्या वाफेच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेली वाफ) कित्येकदा ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत कितीही दिवस ठेवले, तरी पानात बुरशीला पुरेल इतका ओलावा उरतो. बुरशी आणि जिवाणूंची वाढ पूर्णपणे थांबायची, तर समतोलाची ही आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असावी लागते. उपाय साधा आहे. ३० अंश सेल्सिअस तापमानाची, ८० टक्के आर्द्रतेची हवा ४० अंशांपर्यंत तापवली, की तिच्यातली वाफ तेवढीच राहूनही सापेक्ष आर्द्रता सुमारे ४६ टक्क्यांवर येते. ओव्हन इतक्या कमी तापमानावर चालत असेल, तर त्याचे दार किंचित उघडे ठेवून काम भागते. डिसेंबर-जानेवारीत जमिनीवरून येणारे कोरडे वारे हेच काम बऱ्याच अंशी फुकट करतात, आणि माझ्या मते वर्षभराचा मसाला तेव्हाच करून ठेवावा.

बेझिल मात्र वेगळे वाळवावे. ओरेगॅनो आणि थाइम यांचा वास कार्व्हाक्रॉल व थायमॉल या तुलनेने जड, सावकाश उडणाऱ्या संयुगांचा असतो (आपल्या ओव्यातही मुख्यतः थायमॉलच असते), त्यामुळे वाळल्यावरही तो टिकतो. बेझिलमधले लिनालूल हे सुगंधी संयुग त्याहून सहज उडते. शिवाय बेझिलचे पान चिरले किंवा चुरगळले, की फुटलेल्या पेशींतील विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने ते काळे पाडते. म्हणून पाने अखंड, एकेरी थरात पसरावीत.

पान बोटांत चुरचुरले आणि देठ वाकण्याऐवजी कट्‌कन मोडला, की वाळवण पुरे झाले. पाने निवताच बरणीत भरावीत, कारण उघडी राहिली तर तासाभरातच ती हवेतला ओलावा पुन्हा ओढू लागतात. दुसऱ्या दिवशी काचेवर आतून दव दिसले, तर पाने पुन्हा वाळवणे भाग आहे. त्यांची पूड आधी करू नये. पास्ता तयार होत आला की तळहातावर चुरावीत आणि सॉसमधल्या कोमट तेलात टाकावीत, कारण ही सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात कितीतरी सहज विरघळतात.

लसणाची पूड घालायची असेल, तर तिचे तंत्र उलटे आहे. लसणाचा तिखट वास वाळलेल्या पुडीत तयार नसतो; पुडीला पाणी लागले, की तिच्यातले ॲलिनेझ हे विकर जागे होऊन त्या वासाचे ॲलिसिन बनवते. गरम तेलात हे विकर निकामी होते, म्हणून पूड आधी चमचाभर साध्या पाण्यात काही मिनिटे भिजवावी आणि मगच कढईत घालावी.