आयडल रिव्हर्सचा वाद कुठून आला

पावसाळ्यात एखादं विमान धावपट्टी ओलांडून चिखलात रुतलं की पहिला प्रश्न ठरलेला: रिव्हर्स पूर्ण दिला होता की आयडलवरच ठेवला होता? रिव्हर्स म्हणजे टेकल्यावर इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग उतरवणं; आयडल म्हणजे ते करताना इंजिन सर्वांत कमी शक्तीवर ठेवणं. १ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईत असंच एक विमान रुतलं आणि मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली.

आयडलची सवय पहिल्यापासूनची नाही. सुरुवातीच्या जेट विमानांना ब्रेकवर सगळी भिस्त ठेवता येत नसे. तुपोलेव्ह-१०४ आणि पहिल्या कॅराव्हेल तर उतरल्यावर मागून पॅराशूट सोडत. बोइंग ७०७ आणि डग्लस डीसी-८ रिव्हर्सर घेऊनच आल्या. पुढे अँटिस्किड (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) आणि ऑटोब्रेक (आपोआप लागणारे ब्रेक) आले, तशी रिव्हर्सची निकड कमी होत गेली.

हिशेब खरा फिरवला तो कार्बन ब्रेकने. पोलादी ब्रेक जेवढी ऊर्जा शोषतात तेवढे झिजतात; कार्बनची झीज मुख्यतः ब्रेक किती वेळा लावले यावर ठरते. म्हणजे एकदाच लावा, नीट लावा. त्यात ऑटोब्रेक ठरलेल्या दरानेच वेग उतरवतो. रिव्हर्स वाढवला की तो ब्रेकचा दाब तेवढा कमी करतो आणि थांबण्याचं अंतर जवळपास तेच राहतं. कोरड्या धावपट्टीवरचं प्रमाणित अंतरही रिव्हर्स न धरताच काढतात. मग इंधन जाळून, आवाज करून पूर्ण रिव्हर्स द्यायचा कशाला, असं कंपन्यांना वाटलं तर नवल नाही.

हा हिशेब चूक नाही, पण कोरडा आहे, शब्दशः. साचलेल्या पाण्यावर २०० पीएसआय दाबाची हवा भरलेलं टायर साधारण १२५ नॉटच्या (ताशी सुमारे २३० किलोमीटरच्या) वर तरंगू लागतं. ब्रेकला पकड नसते, ऑटोब्रेकला आपला दर गाठता येत नाही, आणि नेमक्या याच वेगात रिव्हर्स सर्वाधिक कामाचा असतो. इथे तो अंतर खरोखर कमी करतो.

२३ सप्टेंबर १९९९ ला बँकॉकमध्ये याचीच परीक्षा झाली. एका ऑस्ट्रेलियन कंपनीचं ७४७-४०० मुसळधार पावसात उतरत होतं. फ्लॅप २५ (पंखांच्या मागच्या झडपा २५ च्या खुणेवर; ३० वर त्या जास्त उघडतात आणि विमान कमी वेगाने उतरतं) आणि आयडल रिव्हर्स ही त्या कंपनीची तेव्हाची नेहमीची पद्धत. वेग जास्त, आणि विमान टेकलं ते धावपट्टीच्या तोंडापासून हजारेक मीटर आत. कॅप्टनने गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायला, सांगितला, पण चाकं टेकताच काही न बोलता इंजिनांचे लिव्हर मागे घेऊन तो रद्दही केला. या गोंधळात रिव्हर्स दिलाच गेला नाही, पूर्ण नाही आणि आयडलही नाही. विमान धावपट्टीच्या टोकापासून सुमारे ३२० मीटर पुढे गेलं. जीवितहानी झाली नाही. फ्लॅप ३० आणि पूर्ण रिव्हर्स हे त्या परिस्थितीत योग्य होतं, असं चौकशीत निघालं. पद्धतही नंतर बदलली.

दोष गोंधळाचा, पद्धतीचा नव्हे, असं म्हणणारे आजही भेटतात. मला ते अर्धंच पटतं. रोज आयडलवर थांबणारा हात ऐन वेळी पूर्ण मागे जाईल, हे गृहीत धरणंच धाडसाचं.

डिसेंबर २००५ मध्ये शिकागोत उलटं घडलं. बर्फ पडत होता आणि कॉकपिटमधल्या संगणकाने अंतर काढताना रिव्हर्स धरलेला होता. तो मिळाला टेकल्यानंतर १८ सेकंदांनी. ७३७ कुंपण तोडून रस्त्यावर आलं आणि एका मोटारीतला मुलगा दगावला. त्यानंतर अमेरिकेत उतरण्याआधी ताज्या परिस्थितीवरून अंतर पुन्हा काढून त्यात किमान १५ टक्के भर घालण्याचा आग्रह सुरू झाला. मंगळुरूच्या २०१० च्या अपघातात आणखी एक जुना नियम मोडला गेला: रिव्हर्स एकदा उघडल्यावर पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न करायचा नाही. १५८ जण गेले.

४ नोव्हेंबर २०२१ पासून धावपट्टीची अवस्था जगभर ० ते ६ अशा आकड्यांत कळवली जाते; ६ म्हणजे कोरडी. रिव्हर्स किती आणि ऑटोब्रेक कोणता, हे आता त्या आकड्यावरून विमान खाली उतरवायला घेण्याआधीच्या ब्रीफिंगमध्ये ठरतं. कोरड्या पट्टीवर मात्र बहुतेक ठिकाणी अजूनही आयडलच चालतो.