मताअ

तलाक दिलेल्या पत्नीला पतीने द्यावयाची रक्कम अगर वस्तू. इस्लामी विधीत हे देणे मेहर (विवाहाबद्दल पतीने पत्नीला द्यावयाचे धन) आणि इद्दतीतील (तलाकानंतर पुनर्विवाहापूर्वी पाळावयाच्या मुदतीतील) खर्च यांहून वेगळे धरतात. मेहरचा जो भाग मागाहून देण्याच्या बोलीवर राहिलेला असतो, तो तलाक होताच देय ठरतो. इद्दतीतील खर्च तेवढ्या मुदतीपुरता, गर्भवतीच्या बाबतीत प्रसूतीपर्यंत.

मताअचा आधार कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातील (अल-बकरा) 236 व 241 या आयतींत (वचनांत) आहे. तो बंधनकारक की ऐच्छिक, या वादाचे मूळही तेथेच. पहिली आयत मेहर ठरण्यापूर्वी व समागमापूर्वी तलाक मिळालेल्या स्त्रीविषयी आहे, दुसरी सर्वच घटस्फोटितांविषयी. सुन्नी विधीच्या चार पंथांपैकी हनफी पंथ पहिल्या प्रकारातच मताअ बंधनकारक मानतो, एरवी इष्ट. समागमापूर्वी तलाक होऊन निम्मा मेहर मिळालेली स्त्री सोडल्यास इतर घटस्फोटितांचा तो हक्कच आहे, असे शाफिई पंथाचे प्रचलित मत. मालिकी पंथाच्या मते मताअ केवळ शिफारशीचा आहे: आयतींच्या शेवटी हे देणे अनुक्रमे ‘सत्कर्मी’ व ‘ईशभीरू’ लोकांवर असल्याचे म्हटले आहे, आणि सर्वांवरचे बंधन असे निवडक लोकांवर सोपवले नसते. याच वाक्यांत ‘हक्क’ हा शब्द आहे, याकडे विरोधक बोट दाखवतात. 241 व्या आयतीची व्यापक शब्दरचना पाहता शाफिई अर्थ अधिक सरळ वाटतो.

किती द्यावे, हे कुराणाने पतीच्या ऐपतीवर सोडले आहे. हनफी ग्रंथांत मात्र ठोस माप येते: अंगरखा, डोक्यावरचे वस्त्र आणि पांघरायची चादर, अशी तीन वस्त्रे. त्यांची किंमत पत्नीच्या बरोबरीच्या स्त्रियांना मिळणाऱ्या मेहरच्या निम्म्याहून अधिक नसावी. पत्नीने मोबदला देऊन खुला (तिच्या मागणीवरून होणारा घटस्फोट) घेतल्यास मताअ सामान्यतः लागू होत नाही.

अपरिवर्तनीय (पतीला मागे घेता न येणाऱ्या) तलाकानंतरच्या इद्दतीतही मतभेद आहे. हनफी पंथ निवास व निर्वाह दोन्ही देतो. मालिकी व शाफिई, पत्नी गर्भवती नसल्यास, निवासच. हंबली पंथ प्रेषितांच्या समकालीन फातिमा बिन्त कैस यांनी सांगितलेल्या हदीसच्या (प्रेषितांविषयीच्या परंपरेच्या) आधारे गर्भवती नसलेल्या पत्नीला दोन्ही नाकारतो. खलिफा उमर यांनी ती हदीस स्वीकारली नव्हती, असे हनफी सांगतात.

आधुनिक कायद्यांत ईजिप्तच्या 1985 च्या दुरुस्तीने, तलाक पत्नीच्या संमतीविना व तिचा दोष नसताना झाल्यास, मताअ किमान दोन वर्षांच्या निर्वाहखर्चाइतका ठरवला. भारतात मुस्लिम घटस्फोटितांच्या हक्कांविषयीच्या 1986 च्या कायद्यातील ‘वाजवी व न्याय्य तरतूद’ केवळ इद्दतीपुरती नसून घटस्फोटितेच्या पुढील भविष्यासाठीही आहे आणि पतीने ती इद्दतीच्या आत करावयाची आहे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये लावला.