धडधड मीटरला ऐकू येत नाही

गोव्यात हणजूण, वागातोर, आसगाव या पट्ट्यात रात्रीच्या संगीतावरून वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. तक्रारी पोलिसांत गेल्या, काही प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंतही पोचली. रेस्टॉरंटवाला म्हणतो, आवाज मोजायचा मीटर बघा, मी मर्यादेत आहे. शेजारी म्हणतो, मीटर राहू दे, माझ्या खिडकीची काच बघ. पुष्कळदा दोघंही खरं बोलत असतात, आणि त्याचं कारण मीटरमध्येच आहे.

आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. व्यावसायिक भागात ती ६५ आणि ५५. हे आकडे ‘ए’ मापातले. ए माप म्हणजे मीटरमधली एक चाळणी: मंद आवाजात माणसाचा कान खर्जातले सूर कमी पकडतो, म्हणून मीटरही ते कापून मोजतो. १००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १००० कंपनांचा सूर जसाच्या तसा धरला जातो, पण ६३ हर्ट्झच्या सुरातून साधारण २६ डेसिबल वजा होतात. पायाने वाजवायच्या किक ड्रमचा दणका आणि बेस गिटारची खालची तार याच्याच आसपास वाजतात. म्हणजे अंगणात ६३ हर्ट्झचा सूर ८० डेसिबलने घुमत असला, तरी मीटर ५४ दाखवणार. दिवसाच्या मर्यादेत, बिनबोभाट. तोच सूर, खर्ज जवळजवळ न कापणाऱ्या ‘सी’ मापात मोजला तर ७९ भरतो. शिवाय खर्जाची एक खोड आहे. तो एकदा ऐकू यायला लागला की थोडा जरी वाढवला तरी कानाला भराभर मोठा वाटत जातो. मीटरची चाळणी मंद आवाजासाठी बेतलेली, त्यामुळे ही वाढ तिला पकडता येत नाही.

मग हाच खर्ज घरात का शिरतो? हवेतला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ५००० हर्ट्झच्या झांजेची लहर जेमतेम ७ सेंटिमीटरची, तर ५० हर्ट्झच्या दणक्याची जवळपास ७ मीटरची. एवढी लांब लहर कुंपण, झाडं, गाडी यांना सहज वळसा घालते. लांबच्या पल्ल्यात हवा झांजेचा आवाज शोषून घेते, खर्जाला ती जवळजवळ हात लावत नाही. भिंतीचा हिशेबही खर्जाच्याच बाजूचा: भिंतीचं वजन दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने जास्त अडतो, आणि सुराची वारंवारता निम्मी झाली की तेवढाच कमी अडतो. किनाऱ्यावरचा शॅक बांबू आणि झावळ्यांचा. त्याला वजनच नाही, तो काय अडवणार! शेजारचं जुनं घर मंगलोरी कौलांचं, म्हणजे वरून फटीच फटी.

सगळ्यात गमतीचा भाग झोपायच्या खोलीत घडतो. साडेतीन मीटर लांबीच्या खोलीत साधारण ४९ हर्ट्झचा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमतो. हा घुमारा भिंतीला लागून सर्वांत जास्त आणि खोलीच्या मधोमध जवळपास शून्य असतो. पलंगाची उशी बहुधा भिंतीलाच टेकलेली असते. तपासायला आलेला माणूस मात्र खोलीच्या मध्यावर मीटर धरून उभा राहतो. त्याला काही सापडत नाही, आणि तक्रारदार उगाच कटकट्या ठरतो.

रात्र झाली की यात भर पडते. रस्ता थंडावतो, त्यामुळे ज्या गोंगाटात दणका झाकला जात होता तो गोंगाटच उरत नाही. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि वर निघालेला ध्वनी वाकून पुन्हा खाली येतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली शयनगृहासाठी ३० डेसिबल हा आकडा सुचवला, आणि आवाजात खर्ज जास्त असेल तर त्याहूनही कमी ठेवा असं बजावलं. ती सूचना आपल्या आकड्यांत उतरलेली नाही, आणि मला हीच खरी त्रुटी वाटते.

रात्री दहानंतर बंदिस्त जागा सोडून ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-समारंभासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. बंदिस्त म्हणजे सभागृह, बँक्वेट हॉल वगैरे. ताडपत्री सोडलेला शॅक त्यात बसवायचा प्रयत्न करणारे आहेत, पण ध्वनीला ताडपत्री कळत नाही.

दहाच्या आधीचं मात्र बरंच काही साउंडवाल्याच्या हातात असतं. टोकाला दोन मोठे स्पीकर लावून अख्खं अंगण भरण्यापेक्षा टेबलांजवळ छोटे-छोटे स्पीकर हळू आवाजात लावावेत. सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, लाकडी मंचावर थेट न ठेवता खाली रबर घालावं. तीन सबवूफर असतील तर एक उलट्या तोंडाने, उलट्या ध्रुवतेने (अधिक-उणे तारांची अदलाबदल करून) आणि किंचित विलंबाने वाजवला की मागच्या बाजूला लहरी एकमेकींना खोडतात. ती मागची बाजू वस्तीकडे करायची. कार्यक्रमाचा क्रमही लावता येतो: ड्रमसह पूर्ण बँड सातला, नऊनंतर नुसती गिटार आणि कहोन, म्हणजे हाताने वाजवायची लाकडी पेटी. गिऱ्हाईकही आपोआप हळू बोलतं, कारण भोवतीचा आवाज चढला की माणूस नकळत आपला स्वर चढवतो, हे लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरने १९११ सालीच दाखवलं होतं.

दक्षिण गोव्यात पाळोळ्याला हेडफोन लावून नाचायच्या पार्ट्या होतात. तिथे खर्ज कानाबाहेर पडतच नाही. पण जेवणाच्या टेबलावर हेडफोन कोण घालणार? लाइव्ह गाण्यासाठी परवान्यात एक अट घातली तरी पुष्कळ भागेल: आवाज ए आणि सी अशा दोन्ही मापांत मोजायचा, शेजाऱ्याच्या भिंतीलगत, आणि दोन्हींत वीसेक डेसिबलचा फरक दिसला तर आधी सबवूफर खाली आणायचा.